पश्चिमेचा खडक

१

जेवणाच्या टेबलावर बेट येऊन पडलं त्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून ती दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती.

नवरा पाणीखात्यात हेडक्लार्क होता. रिटायर झाला आणि आठवड्याच्या आत त्याने जाहीर केलं, की आता आठ दिवस बेटावर जायचं. जिथे बारा महिने उन्हाळा असतो असं बेट. तिथे जाऊन मासे धरायचे, तेही किनाऱ्यावरून. होडीतून कोणीही धरतं, असं त्याचं मत. खडकावर उभं राहायचं, काठीच्या झटक्याने खोटा मासा लांब फेकायचा, रीळ गुंडाळत तो जिवंतासारखा ओढत आणायचा, आणि खऱ्याने झडप घातली की मर्दासारखं झुंजायचं. मर्दासारखं हा शब्द त्याचाच. आजवर त्याने ऑफिसमागच्या तळ्याखेरीज कुठे गळ टाकला नव्हता, आणि तिथेही एकदा स्वतःचीच टोपी धरली होती.

पण तयारी बघावी तर काठ्या तीन. एक हलकी, एक मध्यम, आणि एक अशी की तिने म्हैस ओढावी. त्या मोडू नयेत म्हणून नळाचा प्लॅस्टिकचा पाइप कापून, दोन्हीकडे झाकणं बसवून त्यांचं घर केलेलं. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, चार जाडींची. टोकाला बांधायला तारेचे तुकडे, कारण तिथल्या माशांना म्हणे दात असतात. खडकावर घसरू नये म्हणून तळव्याला खिळे मारलेले बूट. भरती-ओहोटीचं कोष्टक लाल-निळ्या पेनाने आखलेलं. आणि एक वही, तिच्यात दर दिवसाला एक पान: किती वाजता, कुठल्या खडकावर, वारा कुठून, कुठला खोटा मासा.

एकदा तो अंघोळीला गेलेला असताना तिने ती वही चाळली, आपण कुठे आहोत ते बघायला. चौथीपर्यंत शिकली होती, वाचता चांगलं यायचं. तिसऱ्या दिवसाच्या पानावर सापडली: 'पाण्याच्या बाटल्या – तिच्याकडे.' मग पाचव्या दिवशी: 'ती – सावलीत.' बस्स. आठ दिवसांत दोन ओळी.

आणि गंमत अशी, की तो जे खोटे मासे फेकणार होता ते तीच रंगवत होती. नाक्यापलीकडच्या कारखान्यात अकरा वर्षं. पोट चंदेरी, पाठ निळी, कल्ल्याशी लाल रेघ, वर वॉर्निश, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे तिच्याइतके साफ कोणाला जमत नसत, म्हणून कारखान्यात तिला डोळेवालीच म्हणत. घरी तिला काही म्हणत नसत. घरी 'अगं' म्हणत.

२

नकाशा नणंदेच्या नवऱ्याने ऑफिसातून छापून आणून दिला होता. नवऱ्याला तो पसंत पडला नाही. त्याला स्वतःच्या हातचा हवा होता. म्हणून त्याने तिच्या पिशवीतला ट्रेसिंगचा कागद न विचारता काढला आणि किनारा गिरवला.

ह्या कागदाची तिच्या कामात एक रीत होती. माशाची डावी बाजू पेन्सिलने काढायची, कागद पालथा घालायचा आणि मागून शाईने तीच रेघ पक्की करायची. झाली उजवी बाजू. पुढची पेन्सिल खोडून टाकली तरी शाईला धक्का लागत नाही. त्या कागदावरून मग स्टेन्सिल कापायची. हे ती ह्याच टेबलावर करायची, आणि अकरा वर्षं तो समोर बसून पेपर वाचायचा. त्याचं लक्ष नसतं असं तिला वाटायचं. तेवढंच नेमकं त्याने पाहिलं होतं. पुढून पेन्सिल, कागद पालथा, मागून शाई, मग पेन्सिल खोडली. मग वर उत्तर, खाली दक्षिण, आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात सगळी नावं.

टेबल पुसताना तिला दोन्ही कागद शेजारी शेजारी दिसले. छापलेल्या बेटाला खडक उजव्या हाताला होते, ह्याच्या बेटाला डाव्या. माशाची बाजू एका नजरेत ओळखणं हे तिचं पोटच होतं. तिने फडकं खाली ठेवलं.

बाहेर नणंद आणि तिचा नवरा आले होते. ती चहा घेऊन गेली आणि म्हणाली, "अहो, त्या नकाशाचं जरा बघा. माझ्या कागदाचं असं असतं की—"

"ऐकलंस का," नवरा बहिणीला म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. "चौथी पास बाई नकाशा शिकवायला निघाल्यात. मी म्हटलं, तू डोळे रंगव."

नणंद हसली. "दादा, वहिनींना नका हो असं बोलू," असं म्हणत हसली, म्हणजे दोन्हीकडून सुटली. तिचा नवरा कपात बघत बसला.

तिने कप ठेवले, ट्रे उचलला आणि आत आली. जिभेवरचं वाक्य तिने तिथेच गिळलं, आणि ते कुठे कोपऱ्यात जाऊन बसलं ते तिलाच माहीत. पुढच्या रविवारी रद्दीवाला आला तेव्हा छापलेला नकाशा वर्तमानपत्रांत गेला होता. गठ्ठा तिनेच बांधला. कडेने नकाशाचा निळा समुद्र दिसत होता. तिने सुतळीची गाठ आणखी एक मारली.

३

लॉजवाल्याला फोन रोज दुपारी चार वाजता होई. नवऱ्याला हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज सगळा वाढवलेला. तिला भाजी चिरता चिरता पलीकडचं सगळं कळायचं.

"पश्चिमेला, डोंगर संपतो तिथे, मोठा खडक आहे ना?"

"आहे साहेब."

"ओहोटीला चालत जाता येतं?"

"येतं साहेब. बूट पण भिजत नाहीत."

तिचा विळीवरचा हात थांबला. तो खडक पूर्वेला होता. छापलेल्या नकाशात पश्चिमेला नुसत्या हिरव्या रेघा होत्या, आणि त्या खारफुटीच्या चिखलाच्या आहेत हे नणंदेच्या नवऱ्याने तिच्यादेखत सांगितलं होतं.

मग तिने स्वतःची समजूत घातली. धंदेवाला माणूस. गिऱ्हाईक जे विचारेल त्याला हो म्हणणार. उद्या ह्यांनी विचारलं की तुमच्याकडे हत्ती पोहतात का, तरी पोहतात साहेब, सकाळी पोहतात, म्हणेल. तिचं तिलाच हसू आलं.

पण दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम जवळ बसली. आवाज गोड होता, आणि ओळखीचा वाटत होता, जसा आपला स्वतःचा आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला की वाटतो. त्याच्या मागे काहीतरी वाजत होतं. टक. थोडं थांबून, टक. तिने वर पाहिलं. त्यांच्या खोलीतला पंखा दर तिसऱ्या फेरीला तसाच वाजायचा. नवरा सहा वर्षं तेल घालतो म्हणत होता. फोनमध्ये तोच ठोका, श्वासभर उशिरा. लाइनीवर आपलाच आवाज परत येतो, हे तिला माहीत होतं. तिने उठून पंखा बंद केला.

पाती थांबली. फोनमधला पंखा चालू होता.

"ए, उकडतंय," नवरा म्हणाला. पलीकडचा लगेच म्हणाला, "लावा साहेब, लावा."

४

तिने कारखान्यातून फोन लावला, जेवणाच्या सुट्टीत. लॉजच्या पत्रावर छापलेला नंबर तिने तळहातावर लिहून आणला होता. पलीकडे एक खोकणारा, घोगऱ्या आवाजाचा माणूस होता. हा तो नव्हेच.

बुकिंग आहे म्हणाला. खालची खोली, दोन खाटा. तिने पश्चिमेच्या खडकाचं विचारलं.

"पश्चिमेला कसला खडक, बाई? तिकडे कमरेइतका चिखल आहे. खडक पूर्वेला. तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

तुम्हीच ना, ती म्हणाली. रोज चारला साहेबांशी बोलता ना.

तो खोकला, मग हसला. चारला तो धक्क्यावर असतो, लाँच घ्यायला. ऑफिसला कुलूप असतं. दुसरं कोणी? दुसरं कोणी नाही, तो एकटाच आहे. बुकिंगच्या पत्रानंतर साहेबांचा त्याला एकही फोन आला नव्हता.

त्या संध्याकाळी नवऱ्याच्या फोनमधला नंबर तिने एकेक आकडा बोट ठेवून तळहाताशी जुळवला. तोच होता.

लाइनी एकमेकींत घुसतात. होतं असं. कोणीतरी रिकामटेकडा बसला असेल, म्हाताऱ्याची मजा करत. हे ती स्वतःला सांगत राहिली, आणि हात धुताना तळहातावरची शाई तिने दगडाने घासून काढली.

५

कारखान्यातली मुकादमीण, जिला सगळ्या जाडी मावशी म्हणायच्या, नव्या मुलींना एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायची. खोटा मासा खऱ्यासारखा दिसावा लागत नाही. समोरच्याला जे हवंय ते त्याच्यात दिसलं, की झालं. तो खऱ्याशी वाद घालत नाही. तू मोठा, मी तुझ्या घासाएवढा, एवढंच म्हणत पुढे पळतो.

हो साहेब. आहे साहेब. येतं साहेब.

ती ब्रश हातात धरून तशीच बसून राहिली. भानावर आली तेव्हा पुढ्यातल्या माशाला तीन डोळे झाले होते. शेजारणी हसल्या, डोळेवालीला चष्मा लागला म्हणाल्या. तिने तो मासा पुसून टाकला आणि ठरवलं, आज सांगायचं. काय वाटेल ते बोलू दे. कागद पालथा घालून दाखवायचा आणि सांगायचं, की जिथे तुम्ही निघालात तिथे उभं राहायला जमीन नाही, आणि जो हो म्हणतोय तो लॉजवाला नाही.

ती घरात शिरली. नवरा खोटे मासे ओळीने मांडून एकेकाचे गळ कानशीने धारदार करत होता.

"अहो, एक सांगायचं होतं."

"लांबून. रंगाचा वास येतो तुझ्या अंगाला. डोकं उठतं."

अकरा वर्षं त्या वासावर घर चाललं होतं. तो जेव्हा सहा महिने सस्पेंड होता तेव्हा तर नुसतं त्याच्यावरच. ती उंबऱ्यात उभी राहिली. आणि तिच्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं: तिन्ही काठ्या, खिळ्यांचे बूट, डोक्यावर टोपी, आणि साहेब कमरेपर्यंत चिखलात. किनाऱ्यावर लॉजवाला पोट धरून हसतोय. आणि ती सावलीत. वहीत लिहिलंय तशी.

"काय सांगायचं होतं?"

"काही नाही. भाजी संपलीय."

प्रवासाला चार दिवस होते. ते चित्र तिने चार दिवस गालात धरलेल्या खडीसाखरेसारखं चोखलं. फोनवरचा तो आवाज मधेच आठवायचा. मग ती पुन्हा चित्राकडे वळायची.

६

लाँचने तिची आतडी बाहेर काढली. चारला धक्क्यावर उतरली तेव्हा तिला जमीनही हलताना दिसत होती. घोगरा लॉजवाला खरंच तिथे होता, खोकत, आणि नवरा त्याच्याशी जुनी ओळख असल्यासारखा बोलला. लॉजवाला गोंधळून तिच्याकडे बघत होता. तिने नजर फिरवली.

खोलीत दोन खाटा, भिंतीला बेसिन, कोपऱ्यात बादली. ती आडवी झाली. वहीच्या पहिल्या पानावर सहाची ओहोटी होती. नवरा बूट चढवून पाचला निघाला, पश्चिमेकडे. आता, ती मनात म्हणाली. आता परत येईल बघ, कमरेपर्यंत माखून. मी झोपलेय असं दाखवीन आणि डोळ्यांच्या फटीतून बघीन.

दिवे लागायच्या वेळेला तो आला. शीळ घालत आला. बूट कोरडे होते. खिळ्यांत शिंपल्यांचा पांढरा चुरा अडकला होता, खडकावर चालल्यावर अडकतो तसा.

"सहा चाळीस," तो म्हणाला. "वहीत लिहिलं होतं, सहा चाळीस. सहा चाळीसला लागला." आणि त्याने बादलीत मासा सोडला.

हातभर लांब, चंदेरी पोट, निळी पाठ, कल्ल्याशी लाल रेघ. ती उठून वाकली. तीन वर्षांपूर्वी स्टेन्सिल कापताना तिचं पातं घसरलं होतं. शेपटीशी, डाव्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढी चीर. मालक म्हणाला, राहू दे, कोण बघतंय. तेव्हापासून तिच्या हातच्या प्रत्येक माशाला तिथे निळा दाणा असे.

ह्या माशालाही होता. उजव्या अंगाला.

तिने अंगठ्याने घासला. निघाला नाही. माशाला जखम होते, डाग पडतो, तिने स्वतःला सांगितलं. मग तिने अंगठ्याचा वास घेतला. माशाचा वास नव्हता. वॉर्निशचा होता. तोही आपल्याच हाताचा असेल. अकरा वर्षांचा आहे, असा दोन दिवसांत जायचा नाही.

लॉजवाल्याने मासा पाहिला आणि बादलीला हात न लावता म्हणाला, वीस वर्षांत असला बघितला नाही, हा मी चुलीवर चढवणार नाही. नवरा त्याच्यावर खेकसला. तुला माशांतलं काय कळतं, म्हणाला. आपल्याखेरीज दुसऱ्या कोणालाही तो हे म्हणताना ती पहिल्यांदाच ऐकत होती.

७

दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी साडेसहाची. उजाडत होतं. नवरा बुटाच्या नाड्या बांधत होता. बादलीतला मासा सुकला नव्हता, मऊ पडला नव्हता, त्याच्यावर माशी बसली नव्हती. तिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

ती खाटेवरून उतरली, त्याच्या उशाशी ठेवलेला नकाशाचा कागद उचलला, पालथा घातला आणि खिडकीच्या काचेवर धरला. उजेडात बेट आरपार दिसत होतं.

"हे असं आहे," ती म्हणाली. "तुम्ही मागून शाई केलीत. माझ्या माशांसारखी. डावं उजवं झालंय. पश्चिमेला खडक नाही. चिखल आहे."

त्याने पाहिलं. तिला वाटलं ओरडेल. तो जवळ आला, काचेवर बोट टेकवून किनारा हळूहळू फिरला, आणि त्याचं बोट हिरव्या रेघा असायला हव्यात तिथे येऊन थांबलं. चेहऱ्यावरचं हेडक्लार्कपण उतरलं. खाली एक घाबरलेला म्हातारा होता.

"मग काल मी कुठे उभा होतो?"

त्याने तिला विचारलं. खरं खरं, उत्तर हवं म्हणून विचारलं. संसाराच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे असं बघत होता, की ती सांगेल ते तो करेल. जाऊ नका, एवढं म्हटलं असतं तर तो खाटेवर बसला असता. तिला ते कळत होतं. दोन शब्द होते.

पण तोंडात खडीसाखर होती ना. ती इतक्या दिवसांची, तिची गोडी अशी एकदम कशी थुंकायची.

"मला काय विचारता," ती म्हणाली. "मी चौथी पास. मी डोळे रंगवते."

त्याचा चेहरा पुन्हा बंद झाला, दार लागावं तसा. कागद त्याने तिच्या हातातून काढून घेतला, घडी केली, खिशात घातला. "होता तिथे खडक," तो म्हणाला. "मी उभा होतो. तुझ्या सांगण्याने खडक नाहीसा होत नाही." आणि काठी घेऊन गेला.

तिने दोन्ही खाटा आवरल्या. चादरीचे कोपरे ओढून बसवले. मग पुन्हा ओढून बसवले. मग बादलीतून आवाज आला म्हणून तिने वळून पाहिलं. मासा हलला होता की कूस बदलली होती, काय ते तिला सांगता आलं नसतं. पण मघाशी भिंतीकडे असलेला डोळा आता तिच्याकडे होता. डोळा साफ होता. असा साफ डोळा एकाच हातचा.

ती अनवाणी धावत सुटली.

८

खारफुटीच्या कडेला लॉजवाला उभा होता. त्याने साहेबांना जाताना लांबून पाहिलं होतं, हाका मारल्या होत्या, पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्याने चिखलात बोट दाखवलं. खिळ्यांच्या बुटांचे ठसे. वीस-बावीस पावलं, पहिली घोट्याइतकी खोल, मग कमी कमी, मग नुसते खिळ्यांचे ठिपके. मग काहीच नाही. बुडाल्याचा खड्डा नव्हता. परत फिरल्याची खूण नव्हती. सपाट, ओला, चकचकीत चिखल, आणि पलीकडे पाणी.

मी लाँचवाल्यांना उठवतो, दोर घेऊन येतो, तुम्ही इथून हलू नका, असं बजावून तो खोकत पळाला.

ती हलली नाही. भरती लागली होती. पाणी लांबून, आवाज न करता, पातळसं पसरत येत होतं. ऊन पाण्यावर आलं आणि तिने डोळ्यांवर हात धरला.

खडक होता.

काळा, डोंगर संपतो तिथे, वहीतल्या जागी. इतका वेळ तो तिला दिसला कसा नाही हेच तिला समजेना. त्याच्यावर एक माणूस उभा होता. टोपी त्याचीच. उभं राहणं त्याचंच, एक खांदा पडलेला. काठी मात्र डाव्या हातात होती, आणि तो उजवा होता.

त्याने काठी मागे नेली आणि झटका दिला. तंगूस उन्हात चमकली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्याची पाठ समुद्राकडे आहे. गळ तो जमिनीकडे फेकत होता.

चिखलावर कुठेतरी हलकं काही पडलं. तिने बघितलं नाही. तिने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "अहो!" नवऱ्याला आजवर एवढ्या मोठ्याने तिने कधी हाक मारली नव्हती.

"अगं," आवाज आला. जवळून यावा तसा, स्वच्छ. वारा तिच्या पाठीमागून वाहत होता. "तुझंच बरोबर होतं. तू तेव्हाच सांगत होतीस, मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

तिचे तोंडाशी धरलेले हात खाली आले. स्वतःच्या हाताने तिच्या पायावर उकळता चहा सांडून वर 'मध्ये कशाला आलीस' म्हणणारा माणूस तो. सासू गेली त्या दिवशीही ज्याने तिला 'बस जरा' म्हटलं नव्हतं. तिने मान ताठ केली आणि मोठ्याने, कोणी ऐकत असेल तर त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे ते नव्हेत. ते मेले तरी असं बोलायचे नाहीत."

आणि म्हणाली तेव्हा ते मेले हे तिला कळलं.

खडकावरचा माणूस रीळ गुंडाळू लागला. सावकाश. थांबून. परत सावकाश.

"बहिणीसमोर सांगतो," आवाज म्हणाला. "भावोजींसमोर सांगतो. चारचौघांत सांगतो, की ही म्हणाली ते खरं होतं. तू ये फक्त."

खोटं होतं ते. कुठे रंग संपतो आणि कुठे वॉर्निश लागतं हेसुद्धा तिला दिसत होतं, इतकं साफ खोटं. असलंच खोटं बनवून तिने घर चालवलं होतं. तिला कोण फसवणार. ती 'नाही' म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. म्हणत राहिली.

पावलांना गार लागलं म्हणून तिने खाली पाहिलं. पाणी घोट्यावर होतं. मागे वळली तर झाडं लहान झाली होती. त्यांच्यापुढे लॉजवाला आणि आणखी दोघे दोर घेऊन उभे होते. ते हात हलवत होते, तोंडं उघडझाप करत होते, आणि त्यांचा आवाज येत नव्हता.

पायाखाली चिखल नव्हता. चांगलं टणक होतं.